धागा : कविता आणि मानवी हक्क – आठवी-नववीच्या मुलांबरोबर काय वाचावं, कसं वाचावं?

पाणंद

नमस्कार मंडळी,

शनिवारी शाळा सुटल्यावर महापालिकेच्या एका शाळेत आठवी-नववीच्या मुलामुलींबरोबर आम्ही कविता वाचतो. हजेरी नाही, गुण नाहीत, ज्याला यावंसं वाटेल त्याने यावं. मानवी हक्कांबद्दल बोलायचं म्हणून हा गट सुरू झाला. त्यातून जे हाती लागलं ते इथे मांडते, आणि शेवटी एका अडचणीबद्दल तुमचं मत हवं आहे.

१० डिसेंबर आला की बऱ्याच शाळांमध्ये घोषवाक्यं लिहिली जातात. १९४८ साली संयुक्त राष्ट्रांनी जाहीरनामा मंजूर केला, त्यात ३० कलमं आहेत, एवढं मुलं सांगतात. पण हक्क ही आपण कुणाकडे तरी मागायची गोष्ट आहे, आणि देणारा ती देण्याला बांधलेला आहे, हे त्यांच्यापर्यंत पोचलेलं नसतं. कविता शिकवतानाही तेच होतं. गरीब मुलावरची कविता वाचली की वर्ग हळवा होतो, एखादीच्या डोळ्यांत पाणी येतं, आणि तास संपतो. कणव वाटली, झालं. ज्याच्यावर अन्याय झाला त्याला आपल्या कणवेचा उपयोग काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही.

म्हणून आम्ही प्रत्येक कवितेला तीनच प्रश्न विचारतो. कोण बोलतंय? कुणाशी बोलतंय? आणि काय मागतंय? यातला मधला प्रश्न सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि खरी चर्चा तिथेच होते.

चोखोबांचा 'धाव घाली विठू आता, चालू नको मंद' हा अभंग सगळ्यांनी ऐकलेला असतो. देवळाच्या दाराशी भजनात म्हटला की तो भक्तीचा वाटतो. पण त्यात घडतं काय? बडवे मारतायत. आरोप काय, तर विठोबाचा हार याच्या गळ्यात आला कसा. शिव्या देतायत, देव बाटला म्हणतायत. आणि मार खाणारा माणूस दाद मागतोय. आमच्या मुलांनी या अभंगाची चक्क तक्रार लिहून काढली. तक्रारदार कोण, घटना काय, कुठे घडली, आरोपी कोण, साक्षीदार कोण. 'तक्रार कुणाकडे' या रकान्यात सगळ्यांनी 'विठ्ठल' लिहिलं, आणि खोली एकदम गप्प झाली. गावकीत, राज्यात, देवळात, कुठेच ऐकून घेणारा कुणी नव्हता म्हणून हा माणूस थेट देवाला हाक मारतोय, आणि त्यालाही 'हळू चालू नकोस' असं बजावतोय.

मग विचारलं, हेच आज घडलं तर रकान्यात काय लिहाल? पोलीस, कलेक्टर, कोर्ट अशी नावं आली. संविधान उघडलं. कलम १७, अस्पृश्यता नष्ट. त्यानंतरचा १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "आणि पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही तर? मग परत विठ्ठलच का?" त्या प्रश्नावर पुढचा सगळा वेळ गेला. वरच्या अधिकाऱ्याकडे लेखी अर्ज, न्यायदंडाधिकारी, राज्य मानवी हक्क आयोग, या सगळ्याची माहिती मुलांना त्या क्षणी हवी होती. फळ्यावर तक्ता काढून शिकवली असती तर कुणी मान वर केली नसती.

आता अडचण. मुलं स्वतःही लिहायला लागली आहेत, आणि त्यांच्या लिहिण्यात घर येतं, वस्ती येते, दारू येते, जात येते. हे वर्गात मोठ्याने वाचायला सांगावं का? मला दोन्ही बाजूंनी वाटतं. वाचल्यावर एखादा मुलगा ताठ उभा राहिलेला पाहिलाय. आणि वाचल्यावर दोन आठवडे न आलेली मुलगीही पाहिली आहे.

कविताही सुचवा. हळव्या नकोत, मागणाऱ्या हव्यात.

खडूफळा

पाणंद ताई, धागा काढलात हे फार बरं केलंत. मी सातारा जिल्ह्यात माध्यमिक शाळेत मराठी शिकवतो. वर्गात साठ मुलं, तासिका पस्तीस मिनिटांची आणि डोक्यावर कृतिपत्रिका. दहावीला कवितेवर कृती असते, त्यात एक मुद्दा 'कवितेतून मिळणारा संदेश' असा असतो. मुलांनी त्याचं एक उत्तर तयार ठेवलेलं असतं, 'आपण सर्वांशी प्रेमाने वागावे'. कविता कुठलीही असो, उत्तर तेच. अन्यायावरची कविता असली तरी गुण मिळतात, कारण वाक्य चुकीचं नाही. पण अन्याय करणारा त्या वाक्यातून अलगद निसटतो, हे मला गेली काही वर्षं टोचतंय.

तुमचा 'कुणाशी' हा प्रश्न मी याच मुद्द्यात बसवणार आहे. अभ्यासक्रम न मोडता करता येतं.

माझ्याकडून एक जोडणी सांगतो. 'ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा, काय भुललासी वरलिया रंगा' हा अभंग आणि महाडचं चवदार तळं एकाच तासाला घ्या. अभंगाचा अर्थ मुलं पटकन सांगतात, बाह्यरूपाला भुलू नये. मग विचारायचं, हे म्हणणारा उभा कुठे होता? देवळाबाहेर. चोखोबा १३३८ साली मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत कोसळून गेले. समाधी पंढरपूरला महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ. आणि ते देऊळ त्यांच्या समाजाला खुलं झालं ते १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. मध्ये सहाशे वर्षं हा अभंग लोक गातच होते. गाणाऱ्यांना तो आवडतही होता. हे मुलांना सांगितलं की ती स्वतःच म्हणतात, "सर, मग नुसतं गाऊन काही होत नाही."

तिथून महाडला जायचं. मुंबई कायदेमंडळात १९२३ साली सीताराम केशव बोले यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे सगळ्यांना खुले. महाड नगरपालिकेनेही पुढच्या वर्षी तळं खुलं केल्याचा ठराव केला. कागदावर सगळं झालं, पाणी मात्र मिळालं नाही. म्हणून २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन तळ्यावर गेले. त्यानंतर मारहाण, शुद्धीकरण, खटला, आणि हायकोर्टाचा निकाल लागायला १९३७ उजाडलं. आता संविधानाचं कलम १५(२) वाचायचं, त्यात विहिरी आणि तलाव हे शब्द सरळ लिहिलेले आहेत. ते तिथे का आले, हे मग वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

सरळमार्गी

चर्चा आवडली, पण एक शंका मनापासून विचारतो. मी निवृत्त मुख्याध्यापक आहे. चौदा वर्षांच्या मुलाला फक्त मागायला शिकवलं तर तो द्यायला कधी शिकणार? संविधानात कलम ५१क सुद्धा आहे, १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने आलेलं. मूलभूत कर्तव्यं. त्यांच्यावर कविता का नकोत? घरी वडिलांना 'माझा हक्क' म्हणून उलटून बोलणारी मुलं मी पाहिली आहेत, आणि पालक शेवटी शाळेलाच जाब विचारतात.

पाणंद

सर, शंका रास्त आहे आणि ती टाळण्यात अर्थ नाही. ५१क आम्हीही वाचलं. त्यातलं एक कर्तव्य असं आहे, की स्त्रियांच्या प्रतिष्ठेला उणेपणा आणणाऱ्या प्रथांचा त्याग करावा. मुलांना विचारलं, हे कर्तव्य कुणाचं? सगळ्यांचं. मग घरात हे कोण पाळतं, कोण पाळत नाही? म्हणजे कर्तव्यापासून सुरुवात केली तरी आपण हक्कापाशीच येतो, कारण एकाचा हक्क म्हणजे दुसऱ्याने पाळायची गोष्ट. मागणारी कविता वाचताना मूल कायम मागणाऱ्याच्याच बाजूला उभं राहत नाही. चोखोबांच्या अभंगात एका मुलाने हळूच विचारलं होतं, "आपण बडवे असतो तर?" मला त्यापेक्षा मोठा कर्तव्याचा धडा माहीत नाही.

उलटून बोलण्याबद्दल म्हणाल तर हो, काही घरांत बोलणं वाढतं. पालकांना एका शनिवारी बोलावून आम्ही त्यांच्याबरोबर तेच अभंग वाचले. मुलांपेक्षा त्यांना जास्त पाठ होते. तक्रारी थांबल्या असं म्हणणार नाही, पण काय चाललंय हे त्यांना कळलं.

मोहफूल

गडचिरोलीतून लिहितेय. इथे आश्रमशाळेतल्या मुलींबरोबर काम करते. आमच्याकडे ज्या अभंगाने सगळं हललं तो सोयराबाईंचा, म्हणजे चोखोबांच्या पत्नीचा :

देहासी विटाळ म्हणती सकळ ।
आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध ॥
देहीचा विटाळ देहीच जन्मला ।
सोवळा तो झाला कवण धर्म ॥

चौदाव्या शतकातली, शूद्रांच्याही पलीकडे ढकललेली एक बाई विचारतेय, की विटाळ देहातच जन्मतो, तर मग सोवळा कोण? आमच्या भागात काही गावांत पाळीच्या दिवसांत बायकांना कुर्माघरात राहावं लागतं. गावाच्या कडेची झोपडी, कुठे दार नीट नाही, पावसात गळते, रात्री साप-विंचवाची भीती. मुली या अभंगाबद्दल पहिल्यांदा बोलल्या त्या एकमेकींशी, त्यांच्या माडिया भाषेत. मी मध्ये बोलले नाही.

इथे एक गोष्ट आवर्जून सांगते, कारण बाहेरून येणारे फार घाई करतात. मुलींचं म्हणणं एकसारखं नव्हतं. एक म्हणाली, कुर्माघर बंदच व्हावं. दुसरी म्हणाली, तिथे चार दिवस कामातून सुटका असते, बायका-बायका गप्पा मारतात, आम्हाला घर चांगलं हवंय, पक्कं, दिवा-पाणी असलेलं. तिसरी म्हणाली, जायचं की नाही ते मी ठरवीन. हक्कांच्या भाषेत बघितलं तर तिघीही बरोबर बोलत होत्या, आणि तिसरीने बाकी दोघींना जागा करून दिली. अभंगाने त्यांना उत्तर दिलं नाही. साडेसहाशे वर्षांपूर्वी कुणीतरी हे मोठ्याने विचारलं होतं, एवढा आधार दिला, आणि तो पुरेसा होता.

कविता सुचवा म्हणालात, तर वाहरू सोनवणे यांची 'स्टेज' वाचाच. नंदुरबारकडचे, भिल्ल समाजातले कवी आणि चळवळीतले कार्यकर्ते. मंचावर बसून आमचं दुःख दुसरेच आम्हाला सांगतात, आणि आमचं दुःख आमचं उरत नाही, असा तिचा आशय. आश्रमशाळेतल्या मुलांना ही समजावून सांगावी लागत नाही, कारण आदिवासी दिनाला ती दरवर्षी मंचासमोर उन्हात बसलेली असतात. आणि शिकवणाऱ्यांनी तर ती स्वतःसाठी वाचावी. मुलांचं लिहिणं मोठ्याने वाचावं का, या तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे.

काळाकोट

मी वकिली करते, बालहक्कांची प्रकरणं बघते. पाणंद, तुमच्या अडचणीवर कायद्याच्या बाजूने लिहिते, कारण चांगल्या मनाची माणसं इथेच अडकतात.

मूल कवितेत लैंगिक अत्याचाराचं काही लिहून गेलं, तर तुमच्या हातात केवळ कविता राहत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अशी माहिती किंवा तशी शंका असलेल्या कुणीही ती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना कळवायची आहे. न कळवणं हा कलम २१ खाली गुन्हा आहे. म्हणून पहिल्याच दिवशी 'इथे लिहिलेलं कुणालाही कळणार नाही' असं वचन देऊ नका. असं सांगा, की तुम्ही लिहिलेलं मी कुणाला दाखवणार नाही, पण तुम्हाला कुणी इजा करतंय असं त्यातून कळलं तर तुमच्या सुरक्षिततेसाठी मला ते सांगावं लागेल, आणि सांगण्याआधी मी तुमच्याशी बोलेन. मुलांना हे समजतं, आणि ते ऐकून किती लिहायचं हे ती ठरवतात. ठरवण्याचा तो हक्क त्यांचाच. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहून ठेवा, सगळ्यांसाठी, म्हणजे नंतर तो कुणा एकासाठी लिहावा लागणार नाही.

दुसरं, संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात (१९८९, भारताने स्वीकारला १९९२ मध्ये) दोन कलमं शेजारी ठेवून बघा. १२ व्या कलमात मुलाचं मत ऐकलं जाण्याचा हक्क आहे, १६ व्या कलमात खाजगीपणाचा. कवितेच्या वर्गात ही दोन कलमं रोज एकमेकांसमोर येतात. ज्या मुलाला वाचायचंय त्याला अडवू नये, ज्याला नाही वाचायचं त्याला 'का नाही' हेसुद्धा विचारू नये.

चष्मेवाली

मी आत्ता अकरावीला आहे, आईने हा धागा वाचायला दिला. मी वस्तीतून येते आणि नववीत असताना एका संस्थेच्या शिबिरात गेले होते. तिथे सगळ्यांना 'माझं दुःख' या विषयावर कविता लिहायला लावली. मी वडिलांच्या नोकरीबद्दल लिहिलं. नंतर त्या ओळी माझ्या नावासकट कार्यक्रमाच्या बॅनरवर आल्या. मला कुणी विचारलं नव्हतं. शाळेतल्या मुलांनी बॅनरचा फोटो फिरवला. संस्थेचं नाव लिहीत नाही, लोक वाईट नव्हते.

मला तेव्हा क्रिकेटवर लिहायचं होतं. आमच्या गल्लीत मुलींना खेळायला जागा नसायची म्हणून आम्ही पहाटे साडेपाचला खेळायचो, मुलं उठायच्या आधी. ती कविता मी अजून लिहिलेली नाही. मोठ्या लोकांना एवढंच सांगायचंय, की वस्तीतल्या मुलांना दुःखच विचारू नका. आनंद विचारला तरी आम्ही बरंच सांगू.

काळाकोट

चष्मेवाली, तुझ्या क्रिकेटसाठी कराराचं अख्खं ३१ वं कलम आहे, खेळ आणि विश्रांतीचा हक्क. मुलं उठायच्या आधी मैदान गाठावं लागणं हा हक्काचाच विषय आहे. तू ती कविता लिही. इथे टाकायची की नाही ते नंतर तूच ठरव.

पाचट

बीड जिल्ह्यातून. आमच्याकडे दिवाळी झाली की गावं अर्धी रिकामी होतात, कोयते, म्हणजे ऊस तोडणारी जोडपी, साखर कारखान्यांना निघतात. मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आधीच खर्च झालेली असते. काही मुलं आईबापांबरोबर टोळीत जातात, काही आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात राहतात. मी त्या राहिलेल्या मुलांबरोबर संध्याकाळी बसतो.

पुस्तकातली कविता आमच्या मुलांना शाळेची वाटते, म्हणजे परक्याची. म्हणून आम्ही ओवीपासून सुरुवात केली. प्रत्येकाच्या आजीला जात्यावरच्या ओव्या येतात. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ यांनी महाराष्ट्रभरातून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करून ठेवल्या आहेत, त्यातल्या पुष्कळ आज इंटरनेटवर गाणाऱ्यांच्या आवाजात ऐकता येतात. मुलांना त्या ऐकवल्या. अक्षर न गिरवलेल्या बाया सासुरवास, नवऱ्याचा मार, भीमरायाचं येणं, सगळं जात्याशी बोलून गेल्यात. जात्याशीच का, हा प्रश्न इथेही लागू पडतो, पाणंद ताई. ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं.

मग मुलांनी आपल्या ओव्या रचल्या. सगळ्यांनी मिळून, त्यामुळे कुठली ओळ कुणाची हे कुणालाच सांगता येत नाही. काळाकोट ताईंनी म्हटलेला खाजगीपणा आपोआप सांभाळला जातो. मुलांना विचारून तीन ओव्या टाकतो :

पहिली माझी ओवी गं, उचलीच्या पैशाला
आई-बाप गेले गं, ऊस तोडायाला

दुसरी माझी ओवी गं, वसतिगृहाच्या ताटाला
भात वाढला ऊन ऊन, घास अडे ओठाला

तिसरी माझी ओवी गं, मुकादमाच्या वहीला
बापाचं नाव तिथं, माझं हजेरीला

तिसऱ्या ओवीवर आमची सगळ्यात जास्त चर्चा झाली. दोन वह्या. एका वहीतलं नाव बापाला बांधून ठेवतं, दुसऱ्या वहीतलं नाव मुलाला शाळेत ठेवतं. पण ते नाव तिथे ठेवायची जबाबदारी कुणाची? शिक्षण हक्क कायदा वाचला, कलम ९. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना शाळेत प्रवेश मिळेल हे बघणं स्थानिक प्राधिकरणाचं काम आहे, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. म्हणजे कारखान्याच्या तळावर गेलेल्या मुलालाही तिथल्या जवळच्या शाळेने घ्यायला हवं. मुलांनी तळावर गेलेल्या आपल्या मित्रांना फोन करून विचारलं, तुम्ही कुठल्या शाळेत जाता? उत्तरं वहीत लिहून ठेवली आहेत. ती वही घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्यांना भेटायचं ठरलंय. अर्जाच्या सुरुवातीला ओवी घालायची का, यावर मुलांचं अजून एकमत नाही.

सरळमार्गी

पाचट, ओवी घालाच. मी कित्येक वर्षं असे अर्ज लिहिलेत आणि वाचलेतही. अर्ज फायलीत जातो. त्यावर ओवी असेल तर निदान साहेब ती शेजारच्याला वाचून दाखवतात. पण खाली मागणी मुद्देसूद लिहा, कायद्याचं कलम, मुलांची संख्या, तळाचं ठिकाण, आणि पोच घ्यायला विसरू नका. मदत लागली तर व्यक्तिगत संदेश पाठवा, मसुदा बघून देईन.

पाणंद

सगळ्यांचे मनापासून आभार. चष्मेवाली, तुझा प्रतिसाद मी गटातल्या मुलांना वाचून दाखवू का? तू हो म्हणालीस तरच.

आमच्याकडे पुढच्या शनिवारपासून असं करायचं ठरवतेय : कागद मुलाचा, तो घरी न्यायचा की माझ्याकडे ठेवायचा हे त्याने ठरवायचं. 'मी' ऐवजी 'तो' किंवा 'ती' वापरून लिहायची मोकळीक. गटाने मिळून रचलेली ओवी वाचायची, एकट्याचं लिहिणं मागितल्याशिवाय वाचायचं नाही. आणि काळाकोट ताईंचं वाक्य पहिल्याच दिवशी सांगायचं. मोहफूल, 'स्टेज' मी आधी आमच्या कार्यकर्त्यांच्या बैठकीत वाचणार आहे.

खडूफळा

जूनमध्ये नववीला पहिल्याच आठवड्यात काहीतरी घ्यावं असं मनात आहे. कविता नाही, पण मुक्ता साळवेचा निबंध घेतला तर? १८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये छापून आलेला. फुल्यांच्या शाळेतली जेमतेम चौदा वर्षांची मुलगी, माझ्या वर्गातल्या मुलींएवढी, मांग-महारांच्या दुःखाबद्दल लिहिते आणि आमचा धर्म कोणता ते आम्हाला कळू दे, असं थेट भगवंताला विचारते. त्यातली काही वाक्यं सुटी करून मुलांना ओळींसारखी मांडायला दिली तर लय आपोआप सापडेल असं वाटतं. कुणी हा निबंध वर्गात घेतला असेल तर एका तासिकेत किती होतो, आणि जुनी भाषा मुलांना जड जाते का, ते कृपया सांगा.

मोहफूल

आम्ही घेतलाय, दोन तासिका धरा. भाषा जड जात नाही, मोठ्याने वाचला की कळतो. फक्त वाचायला एखाद्या मुलीलाच सांगा, आणि तिला आदल्या दिवशी घरी न्यायला द्या.